असं का होतं? : ओल्याला घाई, सुक्याला सवड

वसईच्या पाचूबंदरात ताजे बोंबील बर्फासकट टेम्पोत चढले की टेम्पो लगेच निघतो. वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडणीवर, वाळलेले सुके मात्र ट्रक भरेपर्यंत खुशाल थांबतात.

ओला बोंबील म्हणजे बहुतांशी पाणीच, जिवाणूंची चंगळ. गारव्यात ते सुस्तावतात. किलोभर बर्फ नुसता वितळताना जेवढी उष्णता पितो, तेवढ्यात किलोभर पाणी ० वरून ८० अंशांपर्यंत तापेल! तेव्हा खोक्यातला बर्फ हेच टेम्पोवाल्याचं घड्याळ. बर्फ संपायच्या आत बाजार गाठायचा, भाडं जास्त पडलं तरी. २०२४पासून वसई-भाईंदर रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, आहे, खाडीचा वळसा वाचतो. पण फेरीची वाट बघताना खोक्यातून पाणी ठिबकतच असतं.

सुक्यात पाणी अगदीच थोडं, मग जिवाणू वाढणार कशावर? त्याला एकच भीती, पावसाची. ताडपत्री तेवढी घट्ट बांधा.