गावातल्या समाजमंदिराला कुलूप का असतं? बांधायला निधी येतो, मग सांभाळायला का येत नाही?

एप्रिल-मे महिन्यात जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि ऐन लग्नसराई नेमकी तेव्हाच असते. ज्याच्या हातात पैसा आहे तो तालुक्याच्या गावी एसी मंगल कार्यालय बुक करून मोकळा होतो. ज्याच्याकडे नाही त्याची नजर गावातल्या समाजमंदिराकडे जाते. तिथं जाऊन बघावं तर पंख्याचा हूक आहे, पंखा नाही. नळ आहे, पाणी नाही. कोपऱ्यात ग्रामपंचायतीचे पाईप आणि ब्लीचिंग पावडरची पोती पडलेली. आणि बऱ्याचदा तर आत जाण्याआधीच गाडी अडते, कारण, अहिराणीत विचारायचं तर, चावी कोनाकडे शे?

दर्शनी भिंतीवर मात्र काळ्या दगडाची पाटी चकाचक असते. काम कुठल्या निधीतून झालं, भूमिपूजन कुणी केलं, लोकार्पण कुणाच्या हस्ते झालं, सगळं सोनेरी अक्षरांत. पाटीवर एकच गोष्ट कधी लिहिलेली नसते, ती म्हणजे उद्यापासून ही इमारत सांभाळणार कोण.

लाखो रुपये खर्चून उभी राहिलेली सरकारी इमारत काही वर्षांतच गोदाम का होते, हे समजून घ्यायचं तर आधी एक साधी गोष्ट बघावी लागते.

सभागृह आहे तरी कुणाचं?

खानदेशातल्या गावांत लोक ज्याला सरसकट ‘हॉल’ म्हणतात, त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे ग्रामपंचायतीच्या मालकीचं समाजमंदिर किंवा सामाजिक सभागृह. दुसरी म्हणजे देवळापुढचा सभामंडप. देऊळ ट्रस्टच्या मालकीचं असेल तर तिथला कारभार विश्वस्त बघतात आणि त्यांच्यावर लक्ष धर्मादाय आयुक्तांचं असतं. तिसरी म्हणजे एखाद्या समाजानं वर्गणी काढून, संस्था नोंदवून बांधलेलं मंगल कार्यालय. जळगाव जिल्ह्यात अशा समाजांच्या कार्यालयांची परंपरा जुनी आहे आणि ती बहुतेक वेळा बरी चालतात, कारण तिथं अध्यक्ष, सचिव, मॅनेजर आणि भाड्याचा दर हे सगळं पहिल्या दिवसापासून ठरलेलं असतं.

रखडतं ते पहिल्या प्रकारचं, म्हणजे सगळ्यांच्या मालकीचं.

ग्रामपंचायतीच्या मालकीची प्रत्येक इमारत ‘नमुना २२’ या स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत असायला हवी. ती नोंद नसेल तर कागदोपत्री ते सभागृह ग्रामपंचायतीचं आहे हेच दाखवता येत नाही. मग वीज मीटर कुणाच्या नावावर घ्यायचं, दुरुस्तीचा खर्च कुठल्या हिशोबात टाकायचा, इथपासून घोळ सुरू होतो. काम एका यंत्रणेनं केलं, ताबा दुसऱ्यानं घेतला आणि हस्तांतराचा कागद मध्येच कुठेतरी राहिला, असं झालं की ही नोंद राहून जाते.

१९९३ सालचे दोन निर्णय

खेड्यात सभेसाठी कायमची इमारत हवी, ही कल्पना तशी अलीकडची. चावडी, पार, देवळाचा ओटा यांवर गावाचं भागायचं. मोठं काही असलं की मांडव पडायचा. यावल तालुक्यातल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं. पंडित नेहरू अध्यक्ष होते आणि बांबूच्या त्या सगळ्या नगरीची सजावट नंदलाल बोस यांनी केली होती. अधिवेशन संपलं, मांडव उतरला. मांडवाचं हे एक बरं असतं, त्याला गळती लागत नाही.

पक्क्या सभागृहांचा जमाना सुरू झाल्यावर देखभालीचा प्रश्न आला. २४ एप्रिल १९९३ रोजी ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली. तिच्यासोबत आलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय आहेत. सामुदायिक मालमत्तांची देखभाल हा विषय त्या यादीत आहे, पण अगदी शेवटी, २९ व्या क्रमांकावर.

त्याच वर्षी २३ डिसेंबरला खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना जाहीर झाली. सुरुवातीला एका खासदारामागे ५ लाख रुपये होते, २०११-१२ पासून ही रक्कम वर्षाला ५ कोटी आहे. राज्यात आमदार निधी आहे. शिवाय ‘पंचवीस-पंधरा’ नावानं गावोगावी ओळखला जाणारा निधी आहे. २५१५ हा खरं तर लेखाशीर्षाचा आकडा, पण लोकप्रतिनिधींनी सुचवलेली मूलभूत सुविधांची कामं त्यातून होतात, म्हणून आज तो शाळकरी पोरालाही माहीत असतो. अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी वेगळी योजना आहे, आदिवासी वस्त्यांसाठी ठक्कर बाप्पा योजना आहे. समाजमंदिर यांपैकी कुठूनही येऊ शकतं.

म्हणजे एकाच वर्षी देखभालीची जबाबदारी पंचायतींच्या यादीत आली आणि बांधकामाचा पैसा लोकप्रतिनिधींच्या हाती आला. या दोघांची गाठ नीट कधी पडलीच नाही.

खासदार निधीच्या नियमांत देखभालीचा विचार नाही असं नाही. काम मंजूर करण्याआधी, पुढे इमारत चालवण्याची आणि सांभाळण्याची हमी वापरकर्त्या संस्थेकडून घ्यावी, असं त्यात म्हटलं आहे. गावात ही संस्था म्हणजे ग्रामपंचायत. ती ठराव करते, ‘देखभाल-दुरुस्तीची जबाबदारी ग्रामपंचायत घेईल’ अशी एक ओळ लिहून देते आणि सभागृह मंजूर होतं. त्या ओळीसाठी वर्षाला किती रुपये लागतील, हे त्या सभेत विचारलं जातं का? आलेला निधी परत जाऊ नये, याचीच तेव्हा घाई असते.

सभागृह मरतं कशानं?

बहुतेक वेळा छोट्या गोष्टींनी. गच्चीवरचं पाणी खाली नेणारा पाईप पानांनी तुंबतो. पहिल्या पावसात गच्चीवर पाणी साचतं. कठड्याच्या फटीत पिंपळाचं रोप येतं, ते वेळेत कुणी काढत नाही, मुळं भिंतीत शिरतात. खानदेशातलं ऊन वेगळंच, दिवसा तापलेला स्लॅब रात्री थंड होतो आणि वर्षानुवर्षं हे चाललं की बारीक चिरा पडतात. त्या चिरांतून मुरलेलं पाणी आतल्या लोखंडापर्यंत गेलं की सळई गंजते, फुगते आणि छताचे पोपडे खाली पडायला लागतात. इथपर्यंत आलं की काम हजारांतून लाखांत जातं. मे महिन्यात गच्ची झाडून पाईप मोकळा करायला एका माणसाचा एक दिवस लागतो.

पत्र्याचं सभागृह असेल तर त्रास निराळा. मे-जूनमधल्या ज्या वादळी वाऱ्यानं रावेर, यावल, चोपड्याकडे केळीच्या बागा आडव्या होतात, त्याच वाऱ्यानं पत्रे उडतात. पत्र्याचे हूक आणि बोल्ट पावसाळ्याआधी आवळून घेणं एवढाच त्यावरचा उपाय.

शौचालय हा वेगळाच विषय. सभागृहासोबत ते बांधलं जातं, पण टाकीत पाणी चढवायची मोटर नसेल तर त्याचा उपयोग शून्य. लग्नाला आलेल्या बायकांचे हाल काय होतात, यावर ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत सहसा चर्चा होत नाही. महिलांची वेगळी ग्रामसभा कायद्यातच सांगितली आहे, ती खरोखर भरली तर हा विषय बहुधा पहिल्या पाचांत येईल.

आणि विजेचं बिल. सभागृह वर्षभर बंद ठेवलं तरी स्थिर आकार चालूच राहतो. थकबाकी वाढली की मीटर जातं. मग पुढच्या लग्नाला खांबावर आकडा पडतो.

पैसा आहे कुठे?

पंधराव्या वित्त आयोगाचा निधी २०२५-२६ पर्यंत थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येत होता. महाराष्ट्रात त्यातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींचा ठरवला गेला. पण २०२१-२२ पासून यातला ६० टक्के भाग ‘बंधित’ होता, म्हणजे तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. उरलेला ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येत होता, पण त्यातून पगार देता येत नव्हते. म्हणजे गच्चीचं काम त्यात बसू शकत होतं, झाडणाऱ्या माणसाचा महिना बसत नव्हता. चोपडा, यावल, रावेर, साक्री, शिरपूर या तालुक्यांतल्या पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधीही मिळतो. पायाभूत सुविधा हा त्यातल्या खर्चाचा एक भाग आहे.

पण रोजच्या खर्चासाठी खरा आधार एकच, सभागृहाचं भाडं.

समजा एका गावात वर्षाला १५ लग्नं सभागृहात झाली आणि प्रत्येकी ३,००० रुपये भाडं घेतलं, तर ४५,००० होतात. साखरपुडा, बारसं, कंपन्यांच्या मीटिंगा असे छोटे २० कार्यक्रम ५०० रुपयांनी धरले तर आणखी १०,०००. एकूण ५५,०००. आता खर्च. झाडलोट करणाऱ्याला महिन्याला १,५०० धरले तर वर्षाचे १८,०००, वीज १२,०००, नळ-बल्ब-टाकी सफाई ८,०००. झाले ३८,०००. उरले १७,०००. पाच वर्षांत ८५,०००, म्हणजे रंग आणि गळतीचं काम निघू शकतं. आकडे गावागणिक बदलतील, पण हिशोब अशक्य कोटीतला नाही.

अट एवढीच की हे पैसे खरोखर जमा झाले पाहिजेत. भाडं हे ग्रामनिधीचं उत्पन्न आहे. त्याची ‘नमुना ७’ ची सामान्य पावती फाडली गेली पाहिजे आणि रक्कम ग्रामपंचायतीच्या बँक खात्यात गेली पाहिजे. पावतीशिवाय कुणाच्या तरी हातात टेकवलेले पैसे सभागृहाच्या कामी येतील याची खात्री कोण देणार? पण नेमकं हेच घडतं, कारण ‘आपल्याच माणसाचं लग्न आहे, पावती कशाला’.

फुकटचाही तोटा असतो. भाडं नाही तर नियम नाही, नियम नाही तर खरकटं कुणी उचलायचं हेही ठरत नाही. म्हणून अनामत रक्कम हा सगळ्यात कामाचा नियम. भाडं कमी ठेवा, अनामत जास्त ठेवा, सभागृह झाडून दिलं की अनामत परत. दशक्रियेनंतरचा कार्यक्रम, बचत गटाची बैठक, ग्रामसभा यांना भाडं नको, हेही आधीच ठरवून भिंतीवर लिहिता येतं. दरपत्रक भिंतीवर असलं की सरपंचालाही सोपं जातं, ‘नाही’ तो म्हणत नाही, भिंत म्हणते.

कुणाला नाही म्हणता येतं?

इथे प्रकरण नाजूक होतं. समाजमंदिर ज्या वस्तीत आहे त्यांनीच वापरायचं, किंवा अमुक समाजाला द्यायचं नाही, असा अलिखित नियम काही ठिकाणी चालतो. गावात दोन गट असतील तर विरोधी गटाला चावी ‘सापडत नाही’.

घटनेचं कलम १५(२) याबद्दल स्पष्ट आहे. पूर्णपणे किंवा अंशतः सरकारी पैशातून राखलेल्या सार्वजनिक जागेच्या वापराला धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून मज्जाव करता येत नाही. विहिरी, तलाव, रस्ते यांच्याच ओळीत या जागा येतात. जातीवरून अडवलं तर नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ आहेच. तारीख आधीच दुसऱ्यानं घेतली आहे, हे नकाराचं कारण चालतं. म्हणूनच बुकिंगची वही सगळ्यांना बघता येईल अशी हवी.

चावी एकाकडे, नियम सगळ्यांचे

सामाईक गोष्ट खानदेशात सांभाळली जात नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं तर अख्खं जंगल सांभाळलंय. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी ९० च्या दशकात उजाड झालेलं रान राखायला घेतलं. झाड तोडलं तर दंड, हा नियम गावानंच केला आणि राखणही गावानंच केली. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. अशाच सामाईक जंगलांचा, पाण्याचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात हेच होतं, की वापरणाऱ्यांनी स्वतः केलेले नियम आणि स्वतः ठेवलेली नजर असेल तर सामाईक मालमत्ता टिकते.

जंगलाला लागू होतं ते चार भिंतींच्या सभागृहाला लागू व्हायला हरकत नाही. चावी, बुकिंग आणि सफाई यांचं काम ठरावानं एका नावावर द्यावं, मग तो शिपाई असो की महिला बचत गटांचा ग्रामसंघ. बचत गटांना महिन्याच्या महिन्याला हिशोब लिहायची सवय असते, म्हणून त्यांच्याकडे हे काम जास्त शोभतं. मात्र सभागृह भाडेपट्ट्यानं कुणाला चालवायला द्यायचं असेल तर परस्पर करार करून चालत नाही, ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे पूर्वमंजुरीचा मुद्दा येतो. त्यासाठी आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांशी, बोलावं.

तुमच्या गावचं कसं बघायचं?

‘ई-ग्रामस्वराज’ पोर्टल किंवा ‘मेरी पंचायत’ ॲपवर जिल्हा, तालुका आणि गाव निवडलं की यंदाच्या आराखड्यात कुठली कामं घेतलीत आणि किती खर्च झालाय ते दिसतं. सभागृहाची दुरुस्ती त्यात नसेल तर नुसतं स्टेटस टाकून ती होणार नाही. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. त्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्यावा लागतो. कोरमला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतला कमी असेल तो आकडा लागतो.

अर्जात दोनच गोष्टी मागितल्या तरी पुरे. सभागृहाची नमुना २२ मधली नोंद आणि गेल्या तीन वर्षांत भाड्यापोटी फाडलेल्या पावत्या. तोंडी मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. नोंदच सापडली नाही, तर दुरुस्तीआधी ती करून घेण्याचा ठराव त्याच ग्रामसभेत मांडता येतो.