न्यूटनचे सूत्र आणि करारांचा हिशेब

बहुपक्षीय करारावर सह्या झाल्या की व्यापार वाढणारच, असे बातम्यांत गृहीत धरलेले असते. बर्कलीचे अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू रोझ यांनी २००४ साली हे गृहीतक तपासले. १७५ देशांची पन्नास वर्षांची आकडेवारी चाळूनही गॅट हा व्यापार करार किंवा त्याच्या जागी आलेली जागतिक व्यापार संघटना यांच्या सदस्यत्वाने व्यापार वाढतो, याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. खळबळ उडाली, ती साहजिकच!

पण करार नसता तर व्यापार किती झाला असता, हे ठरवायचे कसे?

इथे यान टिनबर्गेन हवेत. आइन्स्टाइनचे स्नेही पॉल एहरनफेस्ट यांच्या हाताखाली लायडनला भौतिकशास्त्र शिकलेला हा माणूस पुढे अर्थशास्त्रात रमला. १९६२ साली त्यांनी मांडले, की दोन देशांतला व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांच्या आकाराबरोबर वाढतो आणि अंतराबरोबर घटतो. थेट गुरुत्वाकर्षणच! फरक एवढाच, की न्यूटनच्या सूत्रात अंतराचा वर्ग येतो. व्यापारात घातांक साधारण एकच्या आसपास निघतो. १९६९ साली अर्थशास्त्राचे पहिले नोबेल त्यांना रॅग्नर फ्रिश यांच्याबरोबर विभागून मिळाले. 

या सूत्राने येणाऱ्या अंदाजापेक्षा सदस्य देशांचा व्यापार जास्त निघाला, तर त्याचे श्रेय कराराला. रोझ यांच्या हिशेबात ही वाढ जवळपास दिसलीच नाही.

टोम्झ, गोल्डस्टीन आणि रिव्हर्स या अभ्यासकांनी मात्र रोझ यांच्या सदस्य देशांच्या यादीवरच बोट ठेवले. गॅटचे हक्क आणि बंधने प्रत्यक्षात लागू असलेल्या वसाहती आणि नवस्वतंत्र देश तिथे ‘बाहेरचे’ म्हणून मोजले गेले होते. त्यांना आत घेताच करारांचा परिणाम दिसू लागला. २००७ साली अरविंद सुब्रमण्यन आणि शांग-जिन वेई या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले, की परिणाम मोठा आहे, पण असमान. औद्योगिक देशांची आयात खूप वाढली. अनेक विकसनशील देशांनी मात्र सदस्यत्व घेऊनही आयातशुल्क फारसे उतरवले नव्हते. शेतमाल आणि कापडाला श्रीमंतांनीही वेगळेच नियम लावले होते.

म्हणजे मोजायची ती सही नव्हे, शुल्ककपात. याचा ठळक दाखला भारताचाच. १९४८ साली गॅटच्या संस्थापक देशांत असलेल्या भारताचे सर्वोच्च आयातशुल्क १९९० च्या सुमारास ३०० टक्क्यांवर होते आणि वर आयात परवान्यांची कटकट वेगळीच. दारे उघडू लागली ती १९९१ मध्ये, परकीय चलनाची गंगाजळी आटल्यावर. गॅटचे सदस्यत्व तेव्हा ४३ वर्षांचे झाले होते.