सिकलसेलचे मूल आपल्या वसतिगृहात असेल तर



वारजे परिसरातील आपली कितीतरी कुटुंबे आदिवासी मुलांच्या वसतिगृहांसाठी वर्गणी, धान्य, स्वेटर पाठवीत असतात. यातली काही मुले नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा भागातली, काही गडचिरोली-चंद्रपूरकडची. या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. त्याचे नाव आता बहुतेकांच्या कानावर आहे. पण वसतिगृहात तो कसा ओळखायचा हे फारसे कोणी सांगत नाही.

सिकल म्हणजे विळा. निरोगी लाल पेशी गोल आणि लवचीक असते, साधारण १२० दिवस जगते. या आजारात हिमोग्लोबिनमध्ये लहानसा बदल असतो. प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारखी वाकते, कडक होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. अशी पेशी १०-२० दिवसांतच मोडते. म्हणून रक्त सतत कमी आणि अंगात वेदना. हा रक्ताचा कर्करोग नव्हे, आणि तो स्पर्शाने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही.

आता वसतिगृहात काय दिसते ते पाहू. मूल खेळाच्या तासाला बसून राहते. डोळे पिवळसर दिसतात. थंडीत पहाटे गार पाण्याने आंघोळ केली की दुपारी हातपाय, पाठ असह्य दुखू लागते. आणि ज्याबद्दल मुले सर्वांत जास्त बोलणी खातात ती गोष्ट : मोठे मूलही अंथरूण ओले करते. या आजारात मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, त्यामुळे ती जास्त होते. अशा मुलाला संध्याकाळनंतर पाणी बंद करणे हा अनेकांना सुचणारा उपाय. पण पाणी कमी पडले की पेशी अधिक अडकतात, आणि ओल्या अंथरुणाऐवजी वेदनांची रात्र पदरी पडते. वर्गात पाण्याची बाटली, लघवीला जाण्याची मोकळीक, गरम पाणी आणि स्वेटर यांना फारसा खर्च नाही.

ताप आला तर मात्र उद्यावर टाकू नये. या मुलांची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे जंतुसंसर्ग झपाट्याने वाढतो. लहान वयात पेनिसिलिन आणि न्यूमोकोकलची लस यासाठीच देतात. कधी प्लीहेत एकाएकी रक्त साठून ती फुगते आणि मूल पांढरे पडते. जमैकात डॉक्टरांनी आयांनाच बरगडीखाली हात लावून प्लीहा तपासायला शिकवले, आणि त्यामुळे होणारे मृत्यू घटले. आपल्या पाड्यांवरच्या आयांनाही हे जमेल. छातीत दुखून धाप लागणे, एक बाजू लुळी पडणे, बोलणे अडखळणे, यांतले काहीही दिसले की थेट रुग्णालय.

नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी हा आजार हटत नाही. फॉलिक ॲसिड देतात. वेदनांचे झटके कमी करणारे मुख्य औषध म्हणजे हायड्रॉक्सीयुरिया. हे मूळचे कर्करोगावरचे औषध आहे, ते कळले की पालक घाबरून गोळ्या बंद करतात. सिकलसेलमध्ये मात्रा ठरवून, वेळोवेळी रक्त तपासत ते वर्षानुवर्षे दिले जाते. खंड पडू न देणे महत्त्वाचे, आणि ऊसतोडीला घर बाहेर पडले की नेमका तिथेच खंड पडतो.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली. तपासणीनंतर काहींना 'एएस' म्हणजे वाहक असे कळते. वाहक आजारी नसतो, त्याला औषध लागत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी मूल 'एसएस', म्हणजे रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणून पुढची तीन सुटली असे नाही. लग्नाआधी दोघांचीही तपासणी हवी. प्रत्यक्षात कागद मुलीचाच मागितला जातो, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी पालकांना तालुक्याहून जिल्ह्याला खेटे घालावे लागतात. तिथे आपल्यापैकी कोणी सोबत गेले तरी काम लवकर होते.

संशोधनाची बातमी पुण्याशी जोडलेली आहे. जनुकात दुरुस्ती करणारा पहिला उपचार ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केला. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे २२ लाख डॉलर. दिल्लीच्या सरकारी प्रयोगशाळेत तशाच स्वदेशी उपचारावर काम चालू असून त्याला बिरसा मुंडांच्या नावावरून 'बिरसा १०१' म्हटले आहे. पुढील विकासासाठी पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट सहभागी आहे. पाड्यापर्यंत तो यायला वेळ लागेल.

तोवर रक्त लागेल. सिकलसेलच्या प्रत्येक मुलाला ते नेहमी लागत नाही, पण थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी लागते. रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांना प्लेटलेट्स लागतात, आणि त्या जेमतेम पाच दिवस टिकतात. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस. म्हणजे नाताळच्या शिबिरातले रक्त मे महिन्यात उपयोगी पडत नाही, आणि मे महिन्यात महाविद्यालये बंद असल्याने रक्तदातेही कमी असतात. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. आपल्या मंडळीचे एक शिबिर एप्रिलच्या अखेरीस ठेवता येईल का, हे पाळकांशी बोलून ठरवावे.