शार्दूलची बोली

सुटींत आमच्या घरीं नातवंडें कागदावर क्रिकेटचे संघ रचीत बसतात. प्रत्येकाच्या थैलींत १०० काल्पनिक कोटी; त्यांतच लिलावानें अकरा गडी मिळवावयाचे. पैसा नाहीं, हें बरें. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस तर २०२५ च्या कायद्यानेंच बंदी केली आहे. धाकट्यानें आपल्या पालघरचा म्हणून शार्दूल ठाकूरवर ४१ कोटी उधळले आणि शेवटीं यष्टिरक्षकापुरतेंही कांहीं उरलें नाहीं. कागदावरच्या कोटींनीं उदार होण्यास काय लागतें! डोळ्यांत पाणी आणून तो म्हणाला, "आजोबा, गुणी माणसाला कमी बोली कशी लावायची?"

प्रश्न सोपा नव्हता. शार्दूल जवळच्या माहीमचा. पहाटेच्या गाडीनें खेळाचें ओझें घेऊन मुंबईस जाणारा मुलगा. जानेवारी २०२१ मध्यें ब्रिस्बेनच्या कसोटींत त्यानें ६७ धावा केल्या व एकंदर सात बळी घेतले. आयपीएलमध्यें २०१८ सालीं चेन्नईनें त्याचे २ कोटी ६० लाख दिले. २०२२ सालीं दिल्लीनें १० कोटी ७५ लाख मोजले. डिसेंबर २०२३ मध्यें चेन्नईनेंच पुन्हां ४ कोटींस घेतला. आणि नोव्हेंबर २०२४ मध्यें २ कोटींच्या मूळ किंमतीसही कोणीं हात वर केला नाहीं.

एवढ्यांत त्याचा गुण नाहींसा झाला काय? मुळींच नाहीं. त्या वर्षीं प्रत्येक संघास १२० कोटींची मर्यादा होती. पांच नामांकित गडी राखावयाचे तर नियमाप्रमाणें ७५ कोटी आधींच वजा होत. ऋषभ पंतसाठीं लखनौनें २७ कोटी दिले. अशा वेळीं बोली माणसाची योग्यता सांगत नाहीं. घेणाऱ्याची निकड आणि थैलींतली शिल्लक सांगते. मार्च २०२५ मध्यें त्याच लखनौचा मोहसीन खान जायबंदी झाला, निकड उत्पन्न झाली, आणि शार्दूल २ कोटींस आला. दुसऱ्याच सामन्यांत हैदराबादचे चार गडी त्यानें टिपले. पुढच्या हंगामासाठीं मुंबईनें त्याला तेवढ्याच रकमेंत आपल्याकडे घेतला.

धाकट्यास मीं एवढेंच सांगितलें कीं, बोलीपूर्वीं प्रत्येक जागेची वरची मर्यादा लिहून ठेवावी, विशेषतः यष्टिरक्षकाची, कारण त्याच्यावांचून संघच होत नाहीं. आणि आवडता गडी आला म्हणजे आधीं त्या कागदाकडे पाहावें.

त्यानें कागद केला. शार्दूलपुढें १२ चा आकडा लिहिला, खोडला, आणि १५ लिहिला. मीं पाहून न पाहिल्यासारखें केलें.