आश्रयाचे अर्थकारण

परागंदा होऊन दाराशी आलेल्या माणसाला दोन घास द्यावेत की त्याच्या हाताला काम द्यावे, हा प्रश्न केवळ दयाधर्माचा नाही; तो अर्थकारणाचाही आहे. ब्रिटनमध्ये आश्रय मागणाऱ्यांच्या वाट्याला जे येते, त्यावरून हे स्पष्ट होते.

निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात ब्रिटन सामील आहे. तथापि १९९९ च्या कायद्याने आश्रय मागणाऱ्यांना सर्वसाधारण समाजकल्याण योजनांतून वेगळे काढले. सरकार पाठवील त्या गावी राहावयाचे आणि देईल त्या भत्त्यात भागवावयाचे. स्वतःचे अन्न स्वतः शिजवणाऱ्यांना २०२४ मध्ये हा भत्ता आठवड्याला माणशी ४९.१८ पौंड, म्हणजे दिवसाला जेमतेम सात पौंड होता. नोकरीस सामान्यतः मनाई. वर्षभर निर्णय लागला नाही तर परवानगी मागता येते, तीही ठराविक व्यवसायांपुरतीच. शिक्षक वा सुतार हातातले कसब घेऊन रिकामा बसतो. आणि मग त्यालाच समाजावरील भार म्हटले जाते!

मुलांना सरकारी शाळा मोफत आहे. पण गणवेश, बूट, अपरिचित भाषा आणि घरातली चिंता यांचे काय? कायदा आणि जीवन यांमधील ही फट स्थानिक संस्था बुजवतात. पोलादासाठी प्रसिद्ध असलेल्या शेफील्डमध्ये २००५ साली ‘आश्रयाचे शहर’ ही चळवळ सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी इंदरजित भोगल हे शीख कुटुंबात जन्मलेले मेथडिस्ट धर्मोपदेशक. २००७ मध्ये शेफील्ड हे असे पहिले शहर ठरले. पुढे इतर गावांनीही तो कित्ता गिरवला. अशा ठिकाणी स्वयंसेवक इंग्रजी शिकवतात, सरकारी पत्रांचा अर्थ सांगतात, वकिलापर्यंत आणि दवाखान्यापर्यंत सोबत करतात. अनेक अन्नकेंद्रांवर स्थानिक गरीब कुटुंबेही त्याच रांगेत उभी असतात. परक्यांमुळे आपला घास जातो, या समजाला त्या रांगेइतके चोख उत्तर दुसरे नसेल.

विपर्यास असा, की अर्ज मंजूर झाल्यावरही संकट टळत नाही. मंजुरीनंतर सरकारी निवारा सोडण्यास वर्षानुवर्षे अवघ्या २८ दिवसांची मुदत असे. तेवढ्यात घर, नोकरी आणि बँकेतले खाते कोठून उभे करावयाचे? हक्क मिळाला त्याच महिन्यात छप्पर जाण्याची वेळ कित्येकांवर आली.

म्हणूनच या संस्थांच्या कार्याची थोरवी मान्य करूनही एक गोष्ट विसरता कामा नये. दानाचा ओघ सुबत्तेत वाढतो, गरज मात्र मंदीत वाढते. त्यामुळे दानावर कोणत्याही मुलाचे भवितव्य टांगून ठेवता येत नाही. या संस्थांचे खरे मोल त्या वाटत असलेल्या शिध्यापेक्षा, माणसाला त्याच्या हक्कापर्यंत पोहोचवण्यात आहे. त्यांच्या चांगुलपणावर विसंबून शासनाने आपली जबाबदारी झटकणे, ही मात्र त्या चांगुलपणाचीच लूट होय.