दुखणे कोणत्या भाषेत बोलते?

‘अंगात कसर आहे’, ‘पोटात ढवळतंय’, ‘छातीत कळ आली’. आपल्याकडचा पेशंट असाच बोलतो. पुस्तकातून मराठी शिकून आलेल्या परप्रांतीय नर्सला ‘ज्वर’ आणि ‘उदरशूल’ पाठ असेल. पण कसर म्हणजे बारीक ताप, हे तिला कोण सांगणार?

परदेशी जाणाऱ्या नर्सेसपुढे हाच प्रश्न उभा राहतो. इंडोनेशियाशी झालेल्या करारानुसार २००८ मध्ये तिथल्या नर्सेस जपानमध्ये आल्या. सगळ्या शिकलेल्या, अनुभवी. २००९ मध्ये त्यांच्यातल्या ८२ जणांनी जपानी भाषेतली राष्ट्रीय परीक्षा दिली. एकही जण पास झाला नाही. २०१० मध्ये फिलिपिन्सचे उमेदवार धरून २५४ जण बसले, पास झाले ३. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला ज्या जखमा होतात, त्यांना बोलीत ‘तोकोझुरे’ म्हणतात, तर वैद्यकीय भाषेत ‘जोकुसो’. जखम ओळखीची, शब्द अनोळखी! पुढे प्रश्नपत्रिकेत रोगांची नावे इंग्रजीतही देऊ लागले.

पण प्रश्नपत्रिका सोपी केली म्हणून वॉर्ड सोपा होत नाही. त्याला तालीमच हवी. १९११ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड हॉस्पिटलसाठी नर्सेसच्या सरावाची माणसाएवढी बाहुली तयार झाली. तिचे नाव ‘मिसेस चेस’. आजची बाहुली श्वास घेते, तिची नाडी हाताला लागते आणि पलीकडच्या खोलीतला शिक्षक तिच्या तोंडून बोलतो. परदेशी विद्यार्थिनींना हा सराव दोन भाषांत देता येतो. आधी सगळा प्रसंग ओळखीच्या भाषेत करायचा, मग तोच पेशंटच्या भाषेत, आणि काय चुकले याची चर्चा पुन्हा आपल्या भाषेत. चूक ज्ञानात होती की शब्दात, हे अशाने वेगळे कळते. मुलगी अडखळली म्हणजे तिला काही येत नाही, असा शिक्का बसत नाही.

मी बँकेत नोकरी केली. तिथे चुकीची नोंद दुसऱ्या दिवशी उलटी फिरवता येते. शिरेत गेलेले औषध परत घेता येत नाही. म्हणून चूक व्हायचीच असेल, तर ती बाहुलीपाशी व्हावी.

हे आता आपल्या घरापर्यंत आले आहे. कुशल मनुष्यबळ पाठवण्यासाठी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. जर्मन म्हातारा ‘मिर इस्ट श्लेख्ट’ म्हणतो. शब्दशः पाहिले तर ‘मला वाईट आहे’; त्याला म्हणायचे असते, ‘मळमळतंय’. अशा वेळी शब्दकोश उघडायचा की भांडे पुढे करायचे?

लेकीला परदेशी पाठवताना आईवडील फी विचारतात, व्हिसा विचारतात, पगार विचारतात. त्यांनी आणखी एक विचारावे: भाषेचा वर्ग नुसता बाकावर भरतो, की खाटेशेजारीही?