माप दोन्ही बाजूंचे

वैशाखात आठवडी बाजार रायवळ आंबे, करवंदे, काकड्यांनी भरून जातो. पहाटे येऊन बसलेल्या शेतकरी भगिनींची पालेभाजी मात्र दुपारी उन्हाने सुकते, भाव उतरतो.

गेल्या आठवड्यात मी नेमकी अशाच वेळी गेले. वीस रुपयांचा करवंदांचा वाटा घासाघीस करून दहाला घेतला, वर मूठभर मागूनही घेतली. घरी लेकीने विचारले, "अम्मी, वाचलेल्या दहा रुपयांचं काय घेतलं?" मला सांगता येईना.

पवित्र कुरआनच्या ८३व्या सूरहचे, अल-मुतफ्फिफीनचे, नावच मापात कमी करणाऱ्यांवरून आहे. स्वतः घेताना पुरेपूर घेणारे आणि देताना कमी देणारे, अशांना तिच्या सुरुवातीलाच इशारा आहे. आपण तो फक्त दुकानदारासाठी समजतो. पण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विकताना आणि विकत घेतानाही नरमाईने वागणाऱ्यासाठी दुआ केली आहे.

आंबा देठाजवळ जरूर हुंगून पाहा. कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. पण सकाळी जा, सुटे पैसे न्या, वाजवी भाव द्या.

पुढच्या बाजारी ते दहा रुपये मी त्या मावशींना देणार आहे, इन्शाअल्लाह.